लढाईत काय खाल्लंत?

आपल्याकडे फौजेतून परत आलेल्या माणसाला दोनच प्रश्न विचारण्याची पद्धत आहे. पहिला, "पेन्शन किती बसली?" आणि दुसरा, "किती मारले?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर तो थोडे हातचे राखून देतो. दुसऱ्या प्रश्नाला मात्र तो नुसता हसतो, मिशीवरून हात फिरवतो आणि पाऊसपाण्याचा विषय काढतो. विचारणाराचा विरस होतो. चित्रपटात पाहिलेली लढाई आणि समोर बाजेवर बसून तंबाखू मळणारा हा गृहस्थ यांचा मेळ त्याला बसत नाही. "याने लढाई पाहिलीच नसावी; कुठेतरी कोठारावर बसून दिवस काढले असतील," असे मनाशी म्हणून तो चहा संपवतो आणि उठतो. एक आख्खे युद्ध त्या ओसरीवर तोंडापर्यंत येऊन पुन्हा पोटात जाते.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाळामास्तर आहे. मॅट्रिकच्या पुढे माझी गाडी गेली नाही. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, आणि त्या कुणीतरी वाचतात असे प्रकाशक मला सांगतात. इतिहासाचा मी पंडित नव्हे. पण ज्या मुलखात मी फळा-खडू घेऊन उभा आहे, तिथे पलटण हा घरातला शब्द आहे. आमच्या जिल्ह्यात एका गावाच्या नावालाच तो कायमचा चिकटला आहे : अपशिंगे मिलिटरी. इथे दहापाच घरे ओलांडावीत तर एखाद्या भिंतीवर गणपतीच्या शेजारी गणवेशातला एक फोटो हमखास दिसतो. फोटोला हार घातलेला असला तर आपण आवाज हळू करायचा, आणि हार नसला तर "मेजर आहेत का घरात?" म्हणून हाक द्यायची, हे इथे कुणाला शिकवावे लागत नाही.

या मुलखातली माणसे कुठे कुठे गेली याचा हिशेब सरकारी कागदांत आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली किंवा लढाईच्या कामी लागली. त्यांतली सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. दुसऱ्या महायुद्धात सैन्याची संख्या २५ लाखांवर पोचली आणि सुमारे ८७ हजार कामी आले. पहिल्या युद्धानंतर त्या वेळच्या सरकारने पुष्कळ गावांत दगडी पाट्या बसवल्या. त्या अजूनही कुठे चावडीत, कुठे वेशीत दिसतात. मजकूर साधारण एकाच साच्याचा : या गावातून इतकी माणसे महायुद्धावर गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. बस, दोन आकडे. नाव शोधू गेले तर बहुधा एकही सापडत नाही. स्वातंत्र्यानंतरच्या लढायांत पडलेल्यांचे नशीब त्या मानाने बरे. नवी दिल्लीत २०१९ साली राष्ट्रीय समरस्मारक उभे राहिले, आणि तिथल्या दगडांवर २५ हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. आकड्यावरून आपण नावावर आलो. पण नाव म्हणजे काही हकीकत नव्हे. नाव ही फार तर हकीकतीची पहिली ओळ.

आता ज्यांच्या हकीकती लिहून ठेवल्या गेल्या त्यांचे काय होते, तेही पाहू. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांचे नाव मराठी मुलखात ऐकलेले नाही असा शिपाईगडी विरळा. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीतले सगळे गडी मशीनगनच्या माऱ्याखाली मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच पुढे धावले. हातबॉम्ब टाकून त्यांनी ती मशीनगन बंद पाडली, एकाला गोळीने टिपले आणि बंदूक भरायला उसंत मिळेना तेव्हा तीच नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवले. मग शत्रूच्या नेमबाजांनी त्यांचा वेध घेतला. वय अवघे २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देह सापडला नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. २०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने एक छायायंत्र, म्हणजे उन्हाच्या सावलीवर वेळ दाखवणारे घड्याळ, उभारले. परक्या गावाने इतके करावे याचे मन भरून कौतुक वाटते.

परंतु ही सारी हकीकत फार तर काही मिनिटांची आहे. त्या मिनिटांच्या अलीकडे २२ वर्षे होती. पळसगावचा हा पोरगा बोटीत बसला तेव्हा त्याला मळमळले का? इटलीतल्या द्राक्षांच्या मळ्यातून जाताना त्याला घरची भातखाचरे आठवली का? सन्मानपत्रात असल्या गोष्टी नसतात, आणि नसाव्यात हेही खरे. त्या घरच्या माणसांनी, सोबत्यांनी जपायच्या असतात.

मग शिपायाचे साधे बोलणे आजवर जपले कुणी? याचे उत्तर चमत्कारिक आहे. १९१४ साली आपले शिपाई फ्रान्सच्या चिखलात उभे राहिले तेव्हा त्यांची पत्रे उघडून वाचण्यासाठी सरकारने एक कचेरी बसवली. पत्रांत असंतोष तर नाही ना, हे हुडकायचे हा तिचा उद्योग. त्या कचेरीने पत्रांतले उतारे इंग्रजीत उतरवून वरिष्ठांना पाठवले, आणि ते कागद लंडनच्या ग्रंथालयात आजही शाबूत आहेत. शिपाईही काही कमी नव्हते. ते काळी मिरी आणि लाल मिरची अशा खुणांनी लिहीत; काळी मिरी म्हणजे आपले शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. कोणती मिरी किती संपली ते घरच्यांनी ओळखायचे. ज्या घरांना ती पत्रे गेली तिथे ती वाळवीने खाल्ली. ज्याने ती संशयाने वाचली त्याच्या दप्तरात ती राहिली.

दुसरे उदाहरण याहून विलक्षण. जर्मनांनी पकडलेल्या आपल्या काही शिपायांना बर्लिनजवळ व्यून्सडॉर्फच्या छावणीत ठेवले होते. तिथे जर्मन विद्वान ध्वनिमुद्रणाची यंत्रे घेऊन आले. त्यांना जगातल्या भाषांचे नमुने हवे होते. माणसाच्या सुखदुःखाशी कर्तव्य नव्हते. ११ डिसेंबर १९१६ रोजी मल सिंग नावाच्या एका पंजाबी शिपायाला त्यांनी कर्ण्यापुढे उभे केले. तो काय बोलला? पराक्रमाचे एक अक्षर नाही. एक माणूस होता, तो हिंदुस्थानात लोणी खात असे, मग तो या लढाईत आला आणि पकडला गेला, आता परत गेला तर पुन्हा ते अन्न मिळेल, अशा अर्थाचे, स्वतःविषयीच पण परक्यासारखे, तो बोलला. ती तबकडी बर्लिनच्या विद्यापीठात आहे. बापूजींच्या चरख्याचे नावही हिंदुस्थानातल्या खेड्यांत पोचले नव्हते त्या काळातला तो आवाज आज ऐकता येतो, आणि शंभर वर्षांनंतर आपल्या ध्यानात राहते ते लोणी!

म्हणजे आपल्या शिपायांचे शब्द जपले ते एकदा संशय घेणाऱ्या वरिष्ठाने आणि एकदा शत्रूने. प्रेमाच्या माणसांनी मात्र "किती मारले?" एवढेच विचारले.

तरी प्रेमाने विचारल्यावर काय मिळते याचा एक दाखला आपल्या मराठीतच आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि १८५७ च्या वणव्यात सापडले. ते शिपाई नव्हते, साधे भिक्षुक. पण झाशी पडली तेव्हा ते तिथे होते. परत येऊन त्यांनी पुष्कळ वर्षे भिक्षुकीच केली. चिंतामणराव वैद्य यांनी आग्रह धरला म्हणून त्यांनी आठवणी लिहून काढल्या, आणि 'माझा प्रवास' हे पुस्तक १९०७ साली, गोडसेभटजींच्या पश्चात, लोकांपुढे आले. वैद्यांनी विचारले नसते तर? मराठीतले एक अमोल पुस्तक भटजींच्या बरोबर चितेवर गेले असते. लिहिणाराला जितके श्रेय, तितकेच विचारणारालाही द्यायला हवे, असे मला वाटते.

असे काहीबाही मनात घोळत असताना काही वर्षांपूर्वी मी दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास बदलून टाकला. शुद्धलेखनाची दहा पाने रद्द. त्याऐवजी सातवीच्या मुलांनी आपल्या किंवा शेजारच्या घरातल्या एका जुन्या शिपायाकडे जायचे आणि पाच प्रश्न विचारायचे. लढाईत काय खाल्लंत? पायांत काय होतं? थंडी-पावसाचं काय केलंत? सोबत्याचं नाव काय? आणि घरी त्या वेळी कोण काय करत होतं? मारामारीविषयी एकही प्रश्न नाही. मुले नाराज झाली. एकाने उभे राहून विचारले, "गुरुजी, मग त्यात लढाई कुठं आली?" मी म्हटले, "विचारून तर बघ!"

सुट्टी संपली आणि वह्या आल्या. एका मुलीच्या आजोबांनी लडाखमधली गोष्ट सांगितली होती : तिथे पाणी चटकन उकळते, पण डाळ काही केल्या शिजत नाही, कच्ची डाळ चावताना दात कुरकुरत. उंचीवर पाण्याचा उकळबिंदू खाली येतो हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो; त्या दिवशी वर्गाने ते प्रथम मनावर घेतले. दुसऱ्याच्या पणजोबांनी १९६२ च्या दिवाळीची आठवण दिली. चीनशी लढाई २० ऑक्टोबरला पेटली आणि दिवाळी त्याच धामधुमीत आली. आईने पाठवलेला बेसनाच्या लाडवांचा डबा दिवाळी उलटून गेल्यावर कितीतरी दिवसांनी हाती पडला. वरची बुरशी चाकूने खरवडून सात जणांनी ते लाडू वाटून खाल्ले. म्हातारा त्या सातांची नावे अजून क्रमाने घेतो. त्यांतले दोघे पुढे दिसले नाहीत.

एका पोराने तर वहीबरोबर पदकच आणले. पहिल्या महायुद्धाचे चांदीचे पदक. बेंदराला बैलाच्या गळ्यात घालायच्या माळेत ते ओवलेले होते. या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. मळ घासून काढल्यावर भिंगातून पणजोबांच्या आजोबांचे नाव वाचता आले. त्या घरात ते नाव कुणालाच माहीत नव्हते. बैलाला मात्र ते दरसाल गळ्यात मिळत होते. आता त्या पदकाला देव्हाऱ्यात जागा झाली आहे.

पाचवा प्रश्न मी सहज घातला होता. त्याने सर्वांत मोठे दान दिले. एका घरातले शिपाईबाबा वारले होते, म्हणून आजीबाई उत्तरे द्यायला बसल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती आणि यजमानांना लिहिता येत नव्हते. तिकडून पत्र लिही तो पलटणीतला कुणी सोबती, आणि इकडे वाची तो पोस्टमन. दोन परक्या माणसांच्या तोंडून नवरा-बायकोने काय बोलावे? "सर्व खुशाल, काळजी नसावी." मग आजीबाईंनी युक्ती काढली. पत्र पाठवताना कोपऱ्यात हळदीचे बोट टेकायचे. पिवळा ठिपका दिसला की घरी खरोखर ठीक आहे. ठिपका नसला की पत्रात काहीही लिहिलेले असो, काहीतरी बिनसले आहे. फ्रान्समधल्या त्या काळ्या मिरीची गोष्ट आजीबाईंना कुठून ठाऊक असणार! पण कुलूप दिसले की माणूस किल्ली घडवतोच.

मुलांच्या मागोमाग मीही जाऊ लागलो. शेजारच्या वाडीत एक सुभेदार आहेत. १९७१ च्या डिसेंबरात ते मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीबरोबर, म्हणजे जंगी पलटणीबरोबर, आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरला होते. त्या लढाईची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शत्रूच्या अधिकाऱ्याला शरण येण्याविषयी पत्र धाडले, आणि उत्तराच्या कागदात गुंडाळून बंदुकीची एक गोळी आली. पुढे ११ डिसेंबरला जमालपूर पडले. मी ही गोष्ट वाचली होती, म्हणून तीच काढली. सुभेदार म्हणाले, "ते सायबालोकांचं, गुरुजी. आमच्या कानावर मागनं आलं." मग मी मुलांचाच प्रश्न विचारला. त्यांचा हात तंबाखूवर थांबला.

"नदीच्या काठाला आलो तवा पोटात कायच न्हवतं. तिथं एक म्हातारा उभा. त्येनं लुंगीच्या सोग्यात मुरी आणली हुती. मुरी म्हंजी आपलं चुरमुरं. येकेकाच्या हातावर मूठ मूठ घालत गेला. त्येचं घर मागं जळत हुतं, गुरुजी. मुरी कुठनं आणली, देव जाणं." थोडा वेळ ते गप्प राहिले. "दिवाळीला घरात चिवडा झाला की पयला घास माज्या घशाखाली लवकर उतरत न्हाई."

स्वयंपाकघराच्या दारातून काकी म्हणाल्या, "अवो, पन्नास वर्सं चिवडा करतीया मी! मला वाटायचं, मीठच जास्त पडतंय."

आम्ही तिघेही हसलो. पण हसता हसता काकींनी पदर डोळ्यांना लावला, तो मी पाहिला.

इथवर सारे गोड आहे. पण अशा कामात एक दार असे लागते की तिथे मास्तराचीही छाती धडधडते. आमच्या भागातले आणखी एक वृद्ध गृहस्थ. त्यांची पलटण, लढाई, साल यांतले काहीच मी सांगणार नाही. त्यांचा एक जिवलग सोबती त्यांच्या शेजारी पडला. रजेवर आल्यावर ते त्याच्या घरी गेले आणि म्हणाले, "गोळी लागली आणि गेला. त्याला काही कळलंसुद्धा नाही." त्या एका वाक्यावर ते घर तगून राहिले. दर दिवाळीला त्या घरून यांच्याकडे फराळाचा डबा येतो. एके संध्याकाळी त्यांनी मला बोलावले, दार लोटून घेतले आणि म्हणाले, "गुरुजी, ते तसं झालं नव्हतं. लिहून घ्या."

तासभर ते बोलले, मी लिहिले. मग वहीवर त्यांनी सही केली आणि अट घातली : त्या घरातले एक माणूस जिवंत आहे, ते आहे तोवर वही उघडायची नाही. मला राहवले नाही. मी विचारले, "मग लिहून ठेवायची तरी कशाला?"

ते म्हणाले, "तो कसा गेला, हे जगात मला एकट्याला ठाऊक आहे. त्यानं शेवटी काय सोसलं, काय बोलला, ते माझ्याबरोबर जळून गेलं तर त्याच्या मरणाला साक्षीदार कोण राहिला? कुणीतरी कधीतरी वाचावं. आज नव्हे."

ती वही माझ्या कपाटात दोऱ्याने बांधून आहे. शेजारीच माझ्या कादंबऱ्यांची बाडे आहेत. कादंबरीकाराला असल्या मजकुराचा मोह किती, हे कादंबरीकारालाच ठाऊक. नावे बदलावीत, थोडा पाऊस पाडावा, शेवटी एक पत्र घालावे, की उत्तम प्रकरण होईल! पण ती गोष्ट माझी नाही. माझ्याकडे ती ठेव आहे. ठेवीला हात लावणाऱ्याला आपल्या भाषेत जो शब्द आहे तो मला स्वतःविषयी ऐकायचा नाही. शिपायाची आठवण जपायची म्हणजे तिचा पोवाडा करायचा असे नव्हे. त्याने दिली तशी, त्याने घातलेल्या अटीसह, पुढच्याच्या हाती द्यायची.

म्हणून आमच्या शाळेत आता काही साधे नियम ठरले आहेत. सांगणारा जसा बोलला तसेच लिहायचे. व्याकरण सुधारायचे नाही. तारीख चुकली तर त्याला टोकायचे नाही. डिस्चार्ज बुकात पाहून समासात नोंद करायची. दोन माणसांनी एकच लढाई दोन तऱ्हांनी सांगितली तर दोन्ही ठेवायच्या. तो गप्प बसला तर आपणही बसायचे. आवाज मोबाइलवर जरूर घ्यावा, पण मोबाइल बदलला की आवाज गेला, हे ध्यानात ठेवून त्याची नक्कल काढून ठेवावी आणि मजकूर कागदावर उतरवावा. वहीच्या पहिल्या पानावर सांगणाराचे नाव, पलटण, गाव आणि तारीख. एक प्रत शाळेत, एक त्याच्या घरी. आणि काय कुणाला दाखवायचे, काय नाही, हे त्यालाच विचारायचे.

घाईचे कारण साध्या वजाबाकीत आहे. पहिल्या महायुद्धाचा शिपाई आता कुणीच उरला नाही. दुसऱ्या महायुद्धातला एखादा उरला असेल तर तो शंभरीच्या घरात आहे. १९६२ चे आणि १९६५ चे ऐंशीच्या पलीकडे गेले. १९७१ साली विशीत असलेला जवान आज सत्तरी ओलांडून बसला आहे, आणि त्याला अजून स्पष्ट आठवते, स्पष्ट ऐकू येते.

आणि १९९९ सालच्या कारगिलमधले? ते तर म्हातारेही नाहीत. बँकेच्या दारात बंदूक घेऊन स्टुलावर बसलेला पहारेकरी आपण रोज पाहतो. आत शिरताना तो दार धरतो, आपण मान हलवतो, आणि पासबुक भरून परत येतो. त्यांतले पुष्कळ पलटणीतून आलेले असतात. या दिवाळीत बँकेत जाताना करंज्यांची एक पुडी बरोबर न्यावी, त्याच्या हातात द्यावी आणि विचारावे, "तिकडे असताना फराळ पोचायचा का हो?" एवढे विचारून घड्याळाकडे मात्र पाहू नये. बँकेचे काम दुसऱ्या दिवशीही होते.